आभाळातील पंधरा मिनिटे

(डोंगराच्या उतारावरून पळत सुटून, यंत्राच्या साहाय्यावाचून केवळ वाऱ्याच्या आधाराने उडण्याच्या खेळाला पॅराग्लायडिंग असे म्हणतात. अनुभवी वैमानिकाबरोबर एकाच पंखाखाली बसून नवख्या माणसालाही असे उडता येते. मावळातील अशाच एका पहिल्या जोडउड्डाणाचा अनुभव लेखकाने या पाठात सांगितला आहे.)

"मामा, ही घार पंख हालवीत नाही. मग ती खाली का पडत नाही?"

माझ्या भाचीने गच्चीवर उभे राहून हा प्रश्न मला विचारला, तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि मी पन्नाशीला पोचलो होतो. एक घार बराच वेळ आमच्या डोक्यावर संथपणे घिरट्या घालीत होती. तिचे पंख ताठ पसरलेले होते. पंखांची एकही फडफड न करता ती हळूहळू वरवर चढत होती.

"वाऱ्यावर तरंगते ती," मी म्हणालो.

"मग कागदाचा कपटा का तरंगत राहत नाही? तो तर घारीपेक्षा किती हलका असतो!"

मला उत्तर सुचले नाही. मोठ्या माणसांना उत्तर सुचले नाही म्हणजे ती विषय बदलतात. मीही तेच केले. परंतु भाचीने विषय सोडला नव्हता. काही दिवसांनी तिने मला एक चित्र आणून दाखविले. रंगीत कापडाच्या मोठ्या पंखाखाली दोन माणसे डोंगरावरून उडत चालली होती. "मामा, हे कामशेतला असते. आपण जाऊ या का? घारीला काय वाटत असेल ते तरी कळेल."

माझ्या बहिणीने परवानगी दिली, पण एका अटीवर. "मामा तुझ्याबरोबर येऊन स्वतःही उडणार असेल, तरच तू जायचे," असे तिने मुलीला बजावले. भाचीने आशेने माझ्याकडे पाहिले आणि मी मान हालविली. उंच इमारतीच्या कठड्यावरून खाली पाहिले तरी माझे पाय लटपटतात, ही गोष्ट मात्र मी दोघींपासूनही लपवून ठेवली.

डिसेंबर महिन्यातील एका शनिवारी आम्ही कामशेत स्थानकावर उतरलो. कामशेत हे मुंबई-पुणे लोहमार्गावरचे, लोणावळ्याच्या पुढचे गाव. जवळून इंद्रायणी वाहते. दक्षिणेकडे डोंगर ओलांडला की पवना नदीचे खोरे लागते. पावसाळ्यात हा प्रदेश ढगांत आणि धारांत बुडालेला असतो. त्या काळात येथे उड्डाणे होत नाहीत. ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत मात्र आभाळ मोकळे असते आणि येथल्या टेकड्यांवर रंगीबेरंगी पंख दिसू लागतात.

आमचा वैमानिक तिशीतला, उन्हाने रापलेला, कमी बोलणारा तरुण होता. त्याला सारे जण 'पायलट' म्हणत. त्याने आम्हां दोघांची वजने विचारली, हृदयविकार, दमा किंवा पाठीचे दुखणे आहे काय, याची चौकशी केली आणि भाचीच्या आईचे संमतिपत्र नीट वाचून घेतले. मग त्याने आमच्या पायांकडे पाहिले. घोट्यापर्यंत येणारे बूट, पूर्ण लांबीची विजार आणि अंगात जाड कपडा हवा, असे त्याने आधीच कळविले होते. भाचीने गळ्याभोवती गुंडाळलेला रुमाल त्याने काढून ठेवावयास सांगितला. लोंबणारी कोणतीही वस्तू दोऱ्यांत अडकू शकते.

टेकडीवर गेल्यावर त्याने पंख उलगडून दाखविला. तो पाहून भाचीला मोठेच नवल वाटले. त्यात लाकूड नव्हते, लोखंड नव्हते, काही ताठ म्हणून नव्हतेच. ते होते केवळ नायलॉनचे कापड. परंतु ते एखाद्या वर्गखोलीच्या जमिनीएवढे, म्हणजे सुमारे चाळीस चौरस मीटर पसरलेले होते. कापडाचे दोन थर एकावर एक शिवून त्यांच्यामध्ये उशीच्या अभ्र्यांसारखे अनेक कप्पे केलेले होते. कप्प्यांची तोंडे पुढच्या बाजूस उघडी आणि मागची बाजू शिवून बंद केलेली होती. पंख वाऱ्यासमोर धरला की कप्प्यांत हवा भरते आणि मऊ कापडाला पक्ष्याच्या पंखासारखा फुगीर, ताठ आकार येतो. पंखापासून निघालेल्या बारीक पण अतिशय बळकट दोऱ्या खाली येऊन आसनांच्या दोन्ही बाजूंना जोडलेल्या असतात. मागच्या कडेच्या दोऱ्या वैमानिकाच्या दोन हातांत असतात. उजवी ओढली की पंख उजवीकडे वळतो आणि डावी ओढली की डावीकडे. दोन्ही सारख्या ओढल्या की वेग कमी होतो.

"आणि हे सारे फाटले तर?" भाचीने धीटपणे विचारले. मलाही नेमके हेच विचारावयाचे होते.

पायलटने आपल्या आसनाची एक पिशवी दाखविली. "यात राखीव हवाई छत्री आहे. ती उघडण्याची वेळ येऊ नये म्हणून आधी सगळे तपासायचे असते. आणि तरीही वेळ आली, तर ती असावी म्हणून बरोबर बाळगायची असते."

आम्ही हेल्मेट घालून बसलो आणि वाट पाहू लागलो. एक तास गेला, दोन तास गेले. टेकडीच्या कडेला एका काठीवर कापडाची लांबट पिशवी बांधलेली होती. वाऱ्याची दिशा आणि जोर ती दाखवीत असे. ती पिशवी आता आडवी ताठ झाली होती आणि मधूनमधून झटके देत होती. पायलट पुन्हा पुन्हा हातातील वायुवेगमापक उंच धरून पाही, आकड्यांकडे बघे आणि मान हालवी.

तेवढ्या वेळात मी भाचीला या खेळाची हकिगत सांगितली. पूर्वी उडी घेणारे लोक विमानातून हवाई छत्रीच्या साहाय्याने खाली येत. फ्रान्समध्ये आल्प्स पर्वताच्या कुशीत म्युसी नावाचे गाव आहे. तेथे जून १९७८ मध्ये जाँ-क्लोद बेताँ, आंद्रे बॉन आणि जेरार बोसों हे तिघे छत्रीधारी जमले. नेमक्या ठिकाणी उतरण्याचा सराव त्यांना करावयाचा होता. पण प्रत्येक उडीसाठी विमानाचा खर्च त्यांना परवडेना. चौकोनी छत्री डोंगराच्या उतारावरच हवेने फुगवून पळत सुटले तर काय होईल, असा विचार त्यांच्या मनात आला. त्यांनी तसे करून पाहिले आणि त्यांचे पाय जमिनीवरून उचलले गेले. पुढे छत्री अधिकाधिक रुंद आणि निमुळती होत गेली, आणि तिला आजच्या पंखाचे रूप आले. हा खेळ जगभर पसरला. आपल्या देशात हिमाचल प्रदेशातील बीर-बिलिंग हे त्याचे मोठे ठिकाण आहे. तेथे २०१५ साली जागतिक चषकाची स्पर्धाही भरली होती.

माझी हकिगत संपली, तरी पिशवी ताठच होती. आमच्याबरोबर आलेले एक गृहस्थ उतावीळ झाले. "अहो, एवढ्या लांबून आलो आहोत. वारा असला तरच उडता येते ना? मग वारा आहे की! हवे तर पैसे अधिक घ्या," असे ते म्हणाले.

पायलट शांतपणे उभा राहिला. "साहेब, आमचा पंख हवेतून ताशी पस्तीस-चाळीस किलोमीटर वेगाने जातो. आत्ता समोरून येणारा वारा ताशी तीस किलोमीटर आहे आणि झोत त्याहून मोठे आहेत. एवढ्या वाऱ्यात आपण जेमतेम जागच्या जागी राहू. त्यातच एखादा मोठा झोत आला, तर आपण मागे, डोंगराच्या पाठीमागे ढकलले जाऊ. तिकडे हवा भोवऱ्यासारखी फिरत असते. तेथे पंखाची घडी होते. आज उड्डाण नाही."

त्याने पंख गोळा करून पिशवीत भरला. गृहस्थ रागावून निघून गेले. त्या दिवशी पायलटला एक पैसाही मिळाला नाही. खाली उतरताना भाची हिरमुसली होती. खरे सांगावयाचे तर मी मात्र मनातल्या मनात आनंदलो होतो. वारा असाच राहिला तर माझी लाज झाकली जाणार होती!

रात्री आम्ही गावातच मुक्काम केला. सकाळी उठून पाहतो तो आभाळ स्वच्छ, आणि वारा अगदी मंद. वाऱ्याची दिशाही बदलली होती. म्हणून कालची टेकडी सोडून आम्हांला दुसऱ्या टेकडीवर नेण्यात आले. वाऱ्याकडे तोंड केलेला उतार असेल तेथूनच उडावयाचे, असा या खेळाचा नियम आहे. ही टेकडी पायथ्यापासून सुमारे एकशेवीस मीटर उंच होती. खाली भाताची कापणी झालेली खाचरे पिवळी पडून पसरली होती. त्यांतील एका मोकळ्या खाचरात उतरावयाचे होते.

भाची प्रथम गेली. तिला पुढे आणि पायलटला मागे असे एकाच पंखाला जोडण्यात आले. "पळ!" असा आवाज आला. ती सात-आठ पावले पळाली आणि पुढच्या पावलाला तिच्या पायाखाली जमीनच नव्हती. काही वेळाने वरून तिचे हसणे ऐकू आले. आवाज इतका स्पष्ट होता, की ती माझ्या शेजारीच हसते आहे असे मला वाटले. पंधरा मिनिटांनी ती खालच्या खाचरात उतरली आणि दोन्ही हात उंच करून मला बोलावू लागली.

आता माझी पाळी आली. जीप पायलटला आणि पंखाला घेऊन पुन्हा वर आली. मदतनीसांनी पंख माझ्या मागे गवतावर अर्धचंद्रासारखा पसरला. पायलटने प्रथम माझ्या मांड्यांचे पट्टे आवळले, मग छातीचा पट्टा, मग हेल्मेटचा बंद. दोन्ही खांद्यांजवळच्या धातूच्या कड्या त्याने हाताने ओढून पाहिल्या. नंतर त्याने स्वतःचे पट्टे तपासले. शेवटी "मोजा," असे म्हणून त्याने मलाच सगळे पुन्हा एकवार मोजावयास लावले.

"काका, तुम्हांला एकच काम करायचे आहे," तो म्हणाला. "मी 'पळा' म्हणालो की पळायचे, आणि मी सांगेपर्यंत थांबायचे नाही. उडी मारायची नाही, खाली बसायचे नाही. पाय हवेत गेले तरी पळतच राहायचे."

हे तर सोपे होते. मी मान डोलाविली.

"पळा!"

मी पळालो. चार पावले होतात न होतात तोच कोणी तरी मागून मला जोराने ओढले. हवा भरलेला पंख आता डोक्यावर चढत होता आणि तो चढताना मला मागे खेचीत होता. काही तरी बिघडले, असे मला वाटले. समोर उतार होता, त्यापलीकडे काहीच नव्हते. माझे गुडघे आपोआप वाकले आणि मी मटकन आसनात बसलो. दुसऱ्याच क्षणी आम्ही दोघेही गवतावर घसरत गेलो. पायलटने ताबडतोब दोऱ्या ओढून पंख जमिनीवर पाडला. कोणालाही इजा झाली नाही. माझ्या कोपराला मात्र माती लागली.

मी ओशाळून उठलो. पायलट हसला नाही आणि रागावलाही नाही. "काका, पंख मागे ओढतो ना, तेव्हाच नेटाने पुढे पळायचे असते. समोरून येणारा वारा ताशी पंधरा किलोमीटर असेल आणि तुम्ही ताशी दहा किलोमीटर वेगाने पळालात, तर पंखाला पंचवीस किलोमीटरचा वारा मिळतो. तुम्ही बसलात की ते दहा गेले." मग जरा थांबून तो म्हणाला, "उडायचे नसेल तर आत्ता सांगा. नाही म्हणण्यात काही कमीपणा नाही."

'नाही' हा शब्द माझ्या ओठांवर आलाच होता. भाची उडून झाली होती. आता मी उडलो नाही म्हणून तिचे काही अडणार नव्हते. पण त्याच क्षणी मला काल संध्याकाळची आठवण झाली. काल हाच मनुष्य 'नाही' म्हणाला होता. ते त्याने वारा मोजून, पंखाचा वेग लक्षात घेऊन आणि डोंगरामागच्या हवेचा विचार करून म्हटले होते. माझे 'नाही' कशावर आधारलेले होते? वारा योग्य होता, पट्टे दोनदा तपासलेले होते, माझ्यासमोर एक लहान मुलगी सुखरूप उतरली होती. माझ्यापाशी कारण एकही नव्हते. होती ती केवळ भीती. सावधपणा आणि भीती या दोघी दुरून सारख्याच दिसतात. पण सावधपणाला 'का' असे विचारले तर तो कारण सांगतो, आणि भीतीला विचारले तर ती गप्प बसते.

"पुन्हा पळू या," मी म्हणालो.

या वेळी पंखाने मागे ओढले तेव्हा मी छाती पुढे झुकवून अधिकच जोराने पळालो. ओढ एकाएकी सैल झाली. पंख डोक्यावर स्थिर उभा राहिला होता. आणखी पाच-सहा पावले मी टाकली. त्यानंतरची पावले हवेत पडत आहेत, हे माझ्या ध्यानातच आले नाही. "आता पळायचे थांबा, काका, आणि मागे सरकून नीट बसा," असे मागून ऐकू आले, तेव्हा मी खाली पाहिले. टेकडी माझ्या पायांखालून निघून गेली होती.

मला घेरी येईल अशी माझी खात्री होती. ती आली नाही. उंच कठड्यावरून पाहताना भिंत खाली उतरत जाताना दिसते आणि पाय लटपटतात. येथे भिंतही नव्हती आणि कठडाही नव्हता. खुर्चीत बसून भूगोलाचा नकाशा न्याहाळावा, तसे खालचे सारे दिसत होते. इंजिनाचा आवाज नव्हता. दोऱ्यांतून वाहणाऱ्या वाऱ्याची बारीक शीळ तेवढी ऐकू येत होती. खालून एका कुत्र्याचे भुंकणे आणि कोणाची तरी हाक स्पष्टपणे वर आली.

समोर लोहगड आणि विसापूर हे जोडकिल्ले खांद्याला खांदा लावून उभे होते. दुसरीकडे तिकोन्याचे त्रिकोणी शिखर होते आणि त्याच्या अंगाला पवना धरणाचे पाणी उन्हात चकाकत होते. या किल्ल्यांवर मी अनेकदा धापा टाकीत चढलो होतो. पण ते एकमेकांकडे असे पाहत उभे आहेत, हे मला आजच कळले.

"काका, आपण खाली जात आहोत की वर?" पायलटने विचारले.

मला सांगता येईना. त्याच्याजवळच्या एका लहानशा यंत्रातून 'टिप् टिप्' असा आवाज येत होता. "हे व्हेरिओमीटर. हवेचा दाब मोजून आपण वर जातो की खाली ते सांगते. असा आवाज आला की समजायचे, आपण वर चाललो आहोत."

वर? बिनयंत्राचा, दोन माणसांच्या वजनाने लादलेला हा कापडी पंख वर कसा जात होता? शांत हवेत असा पंख दर सेकंदाला एक मीटरहून थोडा अधिक खाली येतो. त्या हिशोबाने एकशेवीस मीटरांच्या टेकडीवरून आम्ही दोन मिनिटांच्या आतच खाचरात पोचावयास हवे होते. "वारा डोंगरावर आदळतो," पायलट सांगू लागला. "त्याला आरपार जाता येत नाही, म्हणून तो वर चढतो. आपण त्या चढणाऱ्या वाऱ्यात आहोत. आणि ऊन वाढले की जमीन तापते. तापलेली हवा हलकी होऊन खांबासारखी वर निघते. त्या खांबात घिरट्या घालता आल्या तर त्याहूनही वर जाता येते. ते पाहा, आपले गुरू!"

उजव्या हाताला, आमच्याच पातळीवर, एक घार घिरट्या घालीत होती. आजवर मी घारीचे पोट पाहिले होते. आज मला तिची पाठ दिसत होती. पंख ताठ होते आणि शेपूट मात्र सुकाणूसारखे हळूच इकडेतिकडे वळत होते. तिने एकदा मान वळवून आमच्याकडे पाहिले आणि ती आपल्या वाटेने निघून गेली.

भाचीच्या प्रश्नाचे उत्तर मला तेथे मिळाले. घार खाली पडत नाही, असे नाही. ती सतत खालीच घसरत असते. परंतु ज्या हवेतून ती घसरते, ती हवाच अधिक वेगाने वर चढत असते. वर जाणाऱ्या सरकत्या जिन्यावर एखादा मनुष्य सावकाश पायऱ्या उतरू लागला, तर तो उतरत असूनही वरच पोचेल, तसेच हे. कागदाच्या कपट्याला पंखासारखा आकार नसतो. म्हणून तो गोते खात भराभर खाली येतो. घार मात्र फारच सावकाश घसरते आणि कोठली हवा वर चढते आहे ते शोधून काढते.

पायलटने वळणापूर्वी "आता डावीकडे" असे सांगून पंख वळविला. क्षितिज तिरपे झाले आणि पोटात किंचित ढवळल्यासारखे झाले. "जवळ पाहू नका, दूरच्या डोंगराकडे पाहा, आणि बरे वाटत नसेल तर लगेच सांगा," असे तो म्हणाला. मी लोहगडावर नजर ठेवली आणि ढवळणे थांबले. सकाळी पोटभर खाऊ नका, पण अगदी उपाशीही राहू नका, असे त्याने का सांगितले होते, तेही मला उमगले.

मग खाचर जवळ येऊ लागले. वर असताना आपण जागच्या जागी आहोत असे वाटत होते. आता जमीन वेगाने आमच्याकडे धावत येत होती. उतरतानाही वाऱ्याकडेच तोंड करावयाचे असते. त्यामुळे जमिनीवरचा वेग कमी होतो. "उभे राहा, पाय खाली, पळायच्या तयारीत!" मी आसनातून पुढे सरकलो. जमिनीपासून थोड्याच अंतरावर पायलटने दोन्ही दोऱ्या एकदम खाली ओढल्या. पंख जणू हवेत थबकला. माझे पाय भाताच्या खुंटांना लागले. मी तीन-चार पावले पळालो आणि थांबलो. मागे पंख सळसळत जमिनीवर निजला.

भाची धावत आली. "मामा, पहिल्या वेळी तुम्ही खाली बसलात ना? मला येथून दिसले!"

"हो, बसलो," मी म्हणालो. "मला भीती वाटली."

"मलाही वाटली होती," ती हळूच म्हणाली. "म्हणून तर मी एवढ्या जोरात पळाले."

आम्ही रस्त्याकडे चालू लागलो. पायलट पंखाच्या दोऱ्या एकेक करून उलगडीत, पुढच्या माणसासाठी पुन्हा तपासीत होता. त्याची नजर मधूनच टेकडीवरच्या त्या कापडी पिशवीकडे जात होती. त्या दिवशी दुपारी वारा वाढला, तेव्हा तो पुन्हा 'नाही' म्हणाला असेल, याबद्दल मला मुळीच शंका नाही.

शब्दार्थ

लोहमार्ग – आगगाडीचा रस्ता. संमतिपत्र – परवानगी असल्याचे लिहून दिलेले पत्र. वायुवेगमापक – वाऱ्याचा वेग मोजण्याचे साधन. खाचर – बांध घातलेले भाताचे शेत. ओशाळणे – लाजिरवाणे वाटणे. घेरी येणे – चक्कर येणे. क्षितिज – आकाश व जमीन जेथे मिळाल्यासारखी दिसतात ती रेषा. सुकाणू – नौका वळविण्याचे साधन. खुंट – कापणीनंतर जमिनीत राहिलेला रोपाचा भाग.

स्वाध्याय

१. कारणे द्या :
(अ) पहिल्या दिवशी वारा असूनही पायलटने उड्डाण केले नाही.
(आ) दुसऱ्या दिवशी लेखकाला वेगळ्या टेकडीवर नेण्यात आले.
(इ) लेखकाचा उडण्याचा पहिला प्रयत्न फसला.

२. घार पंख न हालविता वर कशी चढते, ते पाठाच्या आधारे तुमच्या शब्दांत सांगा.

३. 'सावधपणा आणि भीती या दोघी दुरून सारख्याच दिसतात.' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा. सावधपणाचे आणि भीतीचे प्रत्येकी एक उदाहरण तुमच्या अनुभवातून लिहा.

४. "म्हणून तर मी एवढ्या जोरात पळाले," या भाचीच्या उद्गारांतून तिचा कोणता गुण दिसून येतो?

५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : हिरमुसणे, लाज झाकणे, मान डोलाविणे, धापा टाकणे.

६. तुमच्या गावाजवळच्या टेकडीवर किंवा गच्चीवर उभे राहून घारीच्या घिरट्यांचे दहा मिनिटे निरीक्षण करा. तिने पंख किती वेळा हालविले आणि ती वर गेली की खाली आली, ते वहीत लिहून काढा.